ती फोन उचलत नाही म्हणजे तू सुटलास असं नाही

पत्र थोडक्यात: लिहिणारा मुलगा २० वर्षांचा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मैत्रीण १८ ची. दीड वर्ष एकत्र आहेत. मागच्या आठवड्यात तिने प्रेग्नन्सी टेस्टचा फोटो पाठवला, दोन रेघा. याने लगेच उत्तर दिलं, "टेन्शन नको घेऊस, जे लागतील ते पैसे मी देतो." त्यावर तिचं नुसतं "ओके". दोन दिवसांनी एकच मेसेज, डॉक्टरकडे जाऊन आले, सात आठवडे झालेत, मला एकटीला विचार करू दे. त्यानंतर ती फोन उचलत नाहीये. हा म्हणतो, आम्ही काळजी घेत होतो, दर वेळी मी आधीच बाहेर यायचो, मग हे झालंच कसं? शिवाय त्याला सात आठवड्यांचा हिशेब जुळत नाही, कारण परीक्षेमुळे महिनाभर ते भेटलेच नव्हते आणि परीक्षेनंतर भेटले त्याला पाच आठवडे होतायत. एक मित्र म्हणतो सुटलास, गप्प बस. दुसरा म्हणतो आधी खात्री करून घे तुझंच आहे का. याचं मन खातंय, म्हणून येत्या रविवारी तिच्या घरी जायचं, तिच्या आईवडिलांसमोर सगळं कबूल करायचं आणि लग्नाची तयारी दाखवायची असं त्याने ठरवलंय. शेवटी लिहितो, "खरं सांगू का ताई, मला आत्ता बाप व्हायचं नाहीये. पण जबाबदारी घ्यायची तर हेच करावं लागेल ना? की पैसे देऊन तिच्या वाटेतून बाजूला होऊ?"

मित्रा,

रविवारी जाऊ नकोस. बाकीचं सगळं निवांत बोलू, पण हे आधी सांगते, आणि पत्र छापून येईपर्यंत रविवार उलटून जायला नको म्हणून मी तुला वेगळं मेलनेही कळवलंय. तिने तिच्या घरी सांगितलंय की नाही हे तुला माहीत आहे का? पत्रात कुठेच तसं लिहिलेलं नाही. समजा तिने सांगितलेलं नसेल आणि तू दारात जाऊन उभा राहिलास, तर तुझं मन हलकं होईल, पण पुढची रात्र त्या घरात काढायची तिला आहे. कुणाच्या घरात नुसती रडारड होते, कुणाच्या घरात फोन काढून घेतात, कॉलेज बंद करतात, हात उचलतात. तिचं घर कसलं आहे हे तिला माहीत आहे, तुला नाही. सांगायचं की नाही, कुणाला आणि कधी, आणि त्या वेळी तू शेजारी हवास की नकोस, हे तिने ठरवायचं.

आता तो सात आणि पाचचा घोळ, कारण मला वाटतं तुझ्या डोक्यात सगळ्यात जास्त तोच फिरतोय आणि तू तो घाईघाईने एका ओळीत उरकलायस. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस बहुतेकींना आठवतो आणि गर्भ नेमका कधी राहिला ते कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. पाळी २८ दिवसांची धरली तर बीज साधारण दोन आठवड्यांनी बाहेर पडतं, म्हणजे ज्याला "सात आठवडे" म्हणतात त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. सातातून दोन गेले, पाच उरले. तुम्ही भेटलात त्याला पाच आठवडे झाले. म्हणजे हिशेब अगदी बरोबर बसतोय. तुझ्या त्या मित्राला हे माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं, ठीक आहे, शाळेत हे कुणी शिकवत नाही. पण "माझंच आहे ना" हा प्रश्न तू तिला विचारला नसशील अशी मी आशा करते. विचारला असशील तर आधी त्याबद्दल सॉरी म्हण, सरळ, "मित्र म्हणाला म्हणून" असलं शेपूट न लावता.

आणि "आम्ही काळजी घेत होतो" याबद्दल. आधी बाहेर येण्यावर जी जोडपी भरवसा ठेवतात, त्यातल्या १०० पैकी साधारण २० जणींना एका वर्षाच्या आत दिवस जातात. रोजच्या आयुष्यात, कधी बरोबर कधी चुकत, कंडोम वापरणाऱ्यांत हा आकडा साधारण १३ आहे, आणि दर वेळी अगदी नीट वापरणाऱ्यांत २. तेव्हा यात चमत्कार काही झालेला नाही. जरा विचार कर, त्या पद्धतीत सगळं तुझ्या एका क्षणाच्या ताब्यावर होतं, तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि फसलं तर भोगायचं मात्र तिने. हे मी तुला टोचायला सांगत नाहीये. दर वेळी "काही होत नाही" असं म्हणून तू जो निर्णय घेत होतास तो दोघांचा होता का, एवढंच बघ, कारण आत्ताही तू तेच करतोयस असं मला दिसतंय.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात तू तीन मार्ग मांडलेत. लग्न करणं, पैसे देणं, बाजूला होणं. तिन्हीत ठरवणारा तू. तिला काय हवंय हा प्रश्न अख्ख्या पत्रात एकदाही नाही. "मी पैसे देतो" हा तुझा पहिला मेसेजच बघ ना. तू मदत म्हणून लिहिलास, मला पटतं. पण ती घाबरलेली, हातात ती पट्टी, आणि तिला जे वाचायला मिळालं त्यात मूल ठेवायचं नाही हे ठरूनच गेलेलं होतं, फक्त खर्चाचा प्रश्न बाकी होता. तिने अजून काही ठरवलंही नसेल. तू कशी आहेस, काही त्रास होतोय का, घाबरलीयस का, यातलं काहीच नाही. मग तिने "ओके" लिहिलं आणि दार लावून घेतलं. मीही लावलं असतं.

हे फक्त तुझं डोकं आहे असं समजू नकोस, आपण सगळ्यांनीच मुलांना एवढंच शिकवलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या साधारण २ कोटी १० लाख मुलींना दरवर्षी दिवस जातात आणि त्यातले जवळपास निम्मे न ठरवता. आकडे कायम मुलींचे. दर हजार मुलींमागे किती जन्म, असंच मोजतात, मुलं त्या हिशेबात येतच नाहीत, आणि बापाचं वय नोंदणीत पुष्कळदा कोरंच राहतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात एका अभ्यासात बघितलं तेव्हा १५ ते १७ वयाच्या आयांच्या बाळांचे निम्मे बाप २० किंवा त्याहून मोठे निघाले. म्हणजे "कोवळ्या वयातली दोन मुलं चुकली" हे चित्रही दर वेळी खरं नसतं, कित्येकदा एक बाजू चांगली मोठी असते, तिला जास्त कळत असतं, आणि चर्चेतून नेमकी तीच गायब होते. १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत पुरुषांच्या जबाबदारीवर वेगळा भाग लिहिला गेला, देशांनी तो मान्य केला, आणि तरीही आज २० वर्षांच्या मुलाला पैसे आणि लग्न यांच्या पलीकडे तिसरं काही सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये गरोदरपणात, बाळंतपणात आणि नंतरही पुरुषांना सामील करून घ्या अशी शिफारस केली, पण त्याला एक अट जोडली, बाईची निवड आणि तिचं स्वातंत्र्य जपूनच. मला ती अट शिफारशीपेक्षा महत्त्वाची वाटते. सामील होणं म्हणजे ताबा घेणं नव्हे.

मग करायचं काय? तिने विचार करायला वेळ मागितलाय, तो दे. पण वेळ देणं आणि गायब होणं यात फरक आहे, आणि तो फरक तिला दिसायला हवा. तिला एकच मेसेज लिही, छोटा. साधारण असा: "तुला वेळ हवाय, मी फोन करत बसणार नाही. माझा पहिला मेसेज चुकला, मी तुला विचारायला हवं होतं. तू जे ठरवशील त्यात मी आहे, डॉक्टरकडे येणं, खर्च, घरी सांगताना सोबत, किंवा यातलं काहीच नको असेल तर तसं. फोन रात्रीही चालू असतो." आणि पाठवून झालं की थांब. दुसऱ्या दिवशी "वाचलंस का" नको, तिच्या मैत्रिणीला मध्ये घालू नको, तिच्या कॉलेजच्या गेटवर उभं राहू नको. थांबणं हेसुद्धा काम आहे, आणि मुलांना ते सगळ्यात अवघड जातं.

हे मित्रांना सांगितलंस ते आता परत घेता येणार नाही, पण इथून पुढे तरी बंद. ग्रुपवर तर अजिबात नको. तो टेस्टचा फोटो कुणाला पाठवला असशील तर त्याला डिलीट करायला सांग, समोर बसून. तुझ्या पत्रातही तिचं नाव दोनदा आलं होतं, मी काढलंय. तुला बोलायला माणूस लागणारच, पण एकच निवड, वयाने मोठा, तोंडाचा घट्ट, आणि ज्याला तुझ्यावर ओरडायचं असलं तरी आधी ऐकून घेता येतं असा. मामा, आत्या, एखादे सर, समुपदेशक, कुणीही.

आता समजा तिचं उत्तर आलं, "ये". डॉक्टरकडे सोबत जाणं म्हणजे नुसतं गाडीवरून सोडणं नाही. ती आत काय विचारणार आहे ते आधी एका कागदावर लिहायला मदत कर, कारण टेबलापलीकडे डॉक्टर दिसले की निम्मे प्रश्न विसरतात. फाइल, पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट तुझ्याकडे. तिचं नाव पुकारलं की तू उठायच्या आधी तिच्याकडे बघ, तिने मान हलवली तरच आत. आणि आत गेलास तरी डॉक्टर म्हणाले की पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलायचंय, तर तोंड वाकडं न करता बाहेर ये. चांगले डॉक्टर हे मुद्दाम करतात, कारण काही मुली सोबतच्या माणसाच्या दबावाखाली आलेल्या असतात आणि ते त्याच्यासमोर सांगता येत नाही. मूल ठेवण्यासाठीही दबाव असतो आणि पाडण्यासाठीही, दोन्हीकडून सारखाच वाईट.

सोनोग्राफी झाली नसेल तर ती व्हायला हवी, गर्भ गर्भाशयातच आहे ना हे बघायला. शंभरात एखाद-दुसरा गर्भ गर्भाशयाऐवजी बीज वाहून नेणाऱ्या नळीत राहतो आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांदा दुखणं, चक्कर, रक्तस्राव, यातलं काही झालं तर "तिने एकटीला राहू दे म्हटलंय" वगैरे सगळं बाजूला, थेट हॉस्पिटल. याच कारणासाठी कुणाला तरी सांगून गुपचूप गर्भपाताच्या गोळ्या आणायच्या भानगडीत पडू नका, नळीतल्या गर्भावर त्या गोळ्या चालत नाहीत आणि दुखणं गोळीचंच आहे असं वाटून वेळ जातो. आणि हो, वेळेची मर्यादा खरी आहे. गर्भपात किती आठवड्यांपर्यंत करता येतो हे देशादेशात वेगळं, पण जितकं लवकर तितकं सोपं आणि सुरक्षित हे सगळीकडे. तेव्हा तिने विचारलं तर हे सांग, पण घड्याळ दाखवून तिला ढकलू नकोस.

तिने नाही ठेवायचं ठरवलं, तर सुरुवातीच्या आठवड्यांत ते बहुतेक वेळा गोळ्यांनी होतं, आधी एक गोळी आणि एक-दोन दिवसांनी दुसरं औषध. त्या दुसऱ्या दिवशी चांगलंच दुखतं आणि रक्त पाळीपेक्षा बरंच जास्त जातं. त्या दिवशी तिच्याजवळ कुणीतरी हवं. तू चालणार असशील तर तू, नाहीतर तिची मैत्रीण, आणि तू खाली गाडी घेऊन. लक्षात ठेवायचं ते एवढं, तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास झालं, किंवा ताप दुसऱ्या दिवशीही उतरत नाही, किंवा वास येणारा स्राव, तर लगेच डॉक्टर. आणि नंतर ती रडली तर "आता झालं ना, मोकळे झालो" असं म्हणू नकोस. रडली नाही तरी तिला दुःख नाही असा अर्थ काढू नकोस. मोकळं वाटणं आणि वाईट वाटणं एकाच दिवशी होऊ शकतं.

तिने ठेवायचं ठरवलं तर गोष्ट लांबची आहे. इतक्या लहान वयात गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा, बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या बाईपेक्षा जास्त असतो, बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मण्याची शक्यताही जास्त, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. गरोदरपणात निदान आठ वेळा तपासणी व्हावी आणि पहिली १२ आठवड्यांच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते. फॉलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या डॉक्टर देतील. सिगरेट ओढत असशील तर तिच्यासमोर बंद, खरं तर एकूणच बंद. डोकं असह्य दुखणं, डोळ्यासमोर अंधारी, अंगावरून रक्त, बाळाची हालचाल कमी होणं, ही लक्षणं तुलाही पाठ हवीत, फक्त तिलाच नाही. पण माझ्या मते तुझी खरी परीक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. तिचं शिक्षण. अशा वेळी कॉलेज सुटतं ते बहुतेक मुलीचंच, मुलगा दोन महिन्यांत पुन्हा वर्गात असतो. तिच्या पेपरच्या दिवशी बाळ कोण सांभाळणार, याचं उत्तर "माझी आई बघेल" असं असेल तर तू अजून मोजणीत आलेला नाहीस.

"मला ते जमणार नाही, ते बायकांचं असतं" असं बाळ सांभाळण्याबद्दल पत्रात मध्येच लिहिलंयस म्हणून सांगते. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा केला, त्याचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली आलं, आणि जे बाळाचं रोज तीन तास किंवा जास्त करत होते त्यांचं बाळात लक्ष न घालणाऱ्यांपेक्षा कमी होतं. शरीरही शिकतं, हाताने करायला लागलं की. आणि बापांनाही डिप्रेशन येतं, साधारण दहांत एकाला, तेव्हा आलं तर लपवू नकोस.

मूल जन्माला घालून दत्तक देणं हाही एक मार्ग असतो, पण तो फक्त अधिकृत मार्गाने, ओळखीपाळखीतून कधीच नाही. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, तिच्या मनात असेल तर समुपदेशकासोबत बसून बोला.

लग्नाबद्दल. मी लग्नाच्या विरोधात नाही. पण तू ज्या कारणासाठी करायला निघालायस ते मला बरोबर वाटत नाही. दिवस गेले नसते तर तू या वर्षी तिच्याशी लग्न केलं असतंस का? तिने केलं असतं का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर ते लग्न लोकांची तोंडं बंद करण्यासाठी आहे, आणि त्याची किंमत लोक भरत नाहीत. बाप म्हणून जबाबदारी घ्यायला लग्न लागत नाही, आणि लग्न केल्याने ती घेतली असंही होत नाही.

आता ते वाक्य, "मला आत्ता बाप व्हायचं नाहीये". हे तू लिहिलंस ते बरं केलंस. हे तिला सांगायचा तुला हक्क आहे. एकदा, शांतपणे, आणि तिने विचारल्यावर. "तू ठेवलंस तर मी नाही" असं नाही, ती धमकी झाली. "मला भीती वाटतेय, मी तयार नाही, पण तू ठेवायचं ठरवलंस तर मी पळणार नाही" असं. दुसरा अर्धा भाग खरा नसेल तर बोलू नकोस, खोट्या आश्वासनावर ती मोठा निर्णय घेऊन बसेल. आणि हे कटू आहे पण ऐक, शरीर तिचं आहे म्हणून शेवटचा शब्द तिचा, तरीही मूल जन्माला आलं तर त्याच्या खर्चाची जबाबदारी बहुतेक देशांचे कायदे बापावर टाकतात, त्याची इच्छा असो नसो. तुला हे अन्यायाचं वाटेल. पण तुमच्या दोघांच्या एका कृतीतून आलेलं जे काही आहे त्यातलं गरोदरपण वाटून घेता येत नाही, त्यामुळे हिशेब सारखा होणारच नाही, कुठल्याच बाजूने.

पैशांचंही त्यातच. दे, जरूर दे, निम्मे नाही, जमले तर सगळे. पण त्यासोबत मत पाठवू नकोस. पैसे दिले म्हणून निर्णयात एक मत जास्त मिळत नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी याच्याहून लहान असतील, त्यांच्यासाठी. मुलगी १८ च्या आतली असेल तर कित्येक ठिकाणी तिची संमती कायदा धरतच नाही, मुलगाही तेवढाच लहान असला तरी, आणि डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन असू शकतं. त्या भीतीने डॉक्टरच टाळणारी मुलं मी पत्रांतून सतत बघते, आणि मग आठवडे वाढत जातात. मोठ्या माणसाला आणि वकिलाला विचारा, पण तिची तपासणी त्यासाठी थांबवू नका. आणि मुलगा तिच्याहून बराच मोठा असेल, किंवा तिला नको असताना हे झालं असेल, तर वरचं "सोबत राहा" त्याला लागू नाही, तिथे तिला आधी त्याच्यापासून सुरक्षित करायचं. मुलांच्या आईवडिलांनाही एक सांगायचंय. "आमच्या मुलाला अडकवलं" हे वाक्य तुमच्या तोंडून पहिलं निघालं तर पोरगा दुसऱ्यांदा तुम्हाला काही सांगणार नाही.

तुझ्याकडे परत येते. समजा तिचं उत्तर आलंच नाही, किंवा आलं की तू नको. मग तू नको. खर्चाची तयारी ठेव, ती तिने विश्वास ठेवलेल्या एका माणसामार्फत पोचव, आणि नंबर बदलू नकोस. दरम्यान तुझी स्वतःची तपासणी करून घे, कंडोम नव्हता म्हणजे लैंगिक आजारांची टेस्ट दोघांनीही करायला हवी, तुझा रिपोर्ट आला की तिला कळव, तेवढ्यासाठी केलेला मेसेज तिला त्रास देणारा ठरत नाही. आणि पुढे कधी तुम्ही पुन्हा एकत्र आलात, किंवा दुसरी कुणी आयुष्यात आली, तर कंडोम तुझ्या खिशात असू दे, आणि तिला कुठलं साधन हवंय हे आधी विचार, कपडे काढायच्या आधी, तेव्हा लाज वाटली तरी.